ढील नको : झाडावर काम करणाऱ्याने दोरी कोणती घ्यावी, कशी वापरावी

मे महिना लागला की ठाण्यातल्या सोसायट्यांमध्ये पावसाळ्याआधी फांद्या उतरवून घ्यायची धांदल सुरू होते. महाराष्ट्राच्या १९७५ च्या झाडं जपण्याच्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज गेलेला असतो, परवानगीचा कागद आलेला असतो आणि एक दिवस सकाळी आठ वाजता गेटवर टेम्पो थांबतो. त्यातून चार माणसं, दोन करवती, एक चेनसॉ म्हणजे साखळीची यंत्र-करवत आणि दोरखंडाची वेटोळी उतरतात. सोळा वर्षं मी ही कामं करतो आहे. आधी स्वतः चढायचो, आता गुडघ्यांमुळे खाली उभा राहून चढणाऱ्यांवर लक्ष ठेवतो.

दोन वर्षांपूर्वी पाचपाखाडीतल्या एका सोसायटीत पर्जन्यवृक्षाचं काम होतं. आमच्याकडे नव्याने आलेला एक पोरगा पंचवीस-तीस फुटांवर चढला होता. अंगात नारिंगी पट्ट्यांचा हार्नेस, पाठीवरून आलेली दोन हुकांची दोरी, डोक्यावर हेल्मेट. सेक्रेटरी काका खालून बघून म्हणाले, "वा, सगळी सेफ्टी आहे तुमच्याकडे." आमचे मामा मात्र अस्वस्थ झाले. मामांनी चाळीस वर्षं झाडावर काढली आहेत. त्या पोराने पट्टा फांदीवरून टाकून हूक परत त्याच पट्ट्यात अडकवला होता आणि उरलेला पट्टा त्याच्या पाठीमागे झोळीसारखा लोंबत होता. मामांनी खालून हाक मारली, "अरे पोरा, ती दोरी धरतेय का तुला? नुसती लटकलीये ती!"

त्या दिवशी काही झालं नाही. पण तो हार्नेस, ती दोरी आणि तो हूक तिन्ही नवे होते, छाप असलेले होते आणि तरी त्या कामासाठी चुकीचे होते. हे आपल्याकडे सर्रास दिसतं. सामान घेतलेलं असतं, ते घेण्यामागे प्रामाणिक काळजीही असते, पण इमारतीच्या परांचीवरचं सामान झाडावर नेलेलं असतं.

धरणारी आणि झेलणारी

दुकानात 'सेफ्टी बेल्टची दोरी' मागितली की मिळते ती लॅनयार्ड, म्हणजे माणसाचा हार्नेस आणि आधाराची जागा यांना जोडणारी छोटी दोरी किंवा पट्टा. नाव एकच असलं तरी या दोऱ्यांची कामं वेगवेगळी आहेत. मी पोरांना शिकवताना त्यांना धरणारी आणि झेलणारी अशी नावं देतो.

झेलणारी दोरी तुम्ही पडल्यावर कामाला येते. एरवी ती सैल असते आणि पाठीवरच्या किंवा छातीवरच्या कडीला जोडलेली असते. तिच्या एका टोकाला एक जाडसर पुडकं असतं, त्याला शॉक अॅब्सॉर्बर म्हणतात. आत घडी घालून शिवलेला पट्टा असतो. माणूस पडला की ती शिवण टराटरा उसवत जाते आणि धक्का एकदम न बसता लांबीभर पसरतो. परांचीवर, टॉवरवर, मोबाइलच्या मनोऱ्यावर हीच लागते.

धरणारी दोरी मात्र तुम्हाला पडूच देत नाही. ती कमरेच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांना जोडलेली असते, खोडाला किंवा फांदीला वळसा घालून येते आणि कायम ताणलेली असते. तुम्ही तिच्यावर रेलून उभे राहता, दोन्ही हात मोकळे राहतात, करवत नीट चालते. तिची लांबी जागच्या जागी कमी-जास्त करता येते. झाडावर दिवसभर जी दोरी राबते ती हीच. तिच्यात शॉक अॅब्सॉर्बर नसतो, कारण धक्का बसू द्यायचाच नाही हे तिचं गृहीत आहे. अडवणारी असा तिसराही प्रकार आहे. तुम्हाला कडेपर्यंत पोचूच न देणारी ती आखूड दोरी गच्चीवर उपयोगी पडते, झाडावर फारशी नाही.

गोंधळ होतो तो धरणारी दोरी सैल ठेवली की. मग ती धरत नाही आणि झेलताही येत नाही. याचा हिशेब शाळेच्या गणिताएवढा सोपा आहे आणि प्रत्येक चढणाऱ्याने तो एकदा स्वतः करून बघावा असं मला मनापासून वाटतं.

माणूस पडतो तेव्हा दोरीवर सरासरी किती ओढ येते? त्याचं वजन घ्या. पडलेलं अंतर आणि थांबायला लागलेलं अंतर यांची बेरीज करून तिने वजनाला गुणा, मग थांबायला लागलेल्या अंतराने भागा. समजा माणूस सामानासकट ८० किलोचा आहे आणि दोरी न ताणणारी असल्यामुळे तो १० सेंटिमीटरमध्ये थांबला. दोरीत १० सेंटिमीटर ढील असेल तर ओढ येते वजनाच्या दुप्पट, १६० किलो. म्हणजे कंबर दुखेल, बाकी काही नाही. आता ढील १ मीटर धरा. ओढ होते वजनाच्या अकरा पट, ८८० किलो. ढील २ मीटर असेल तर एकवीस पट, जवळजवळ १,७०० किलो. आणि ही सरासरी झाली, ऐन झटक्याच्या क्षणी आकडा याहून वर जातो. दोरी कदाचित टिकेल, पण माणसाचा कणा टिकेल याची खात्री कोण देणार? झेलणाऱ्या दोरीतला शॉक अॅब्सॉर्बर हाच झटका ६ किलोन्यूटनच्या, म्हणजे साधारण ६०० किलोच्या आत ठेवण्यासाठी असतो आणि तोही अंगभर पट्टे असलेल्या हार्नेसवर वाटला जातो. म्हणूनच नुसत्या कमरपट्ट्यावर पडण्याचा भार घ्यायचा नसतो. अमेरिकेत १ जानेवारी १९९८ पासून पडणाऱ्याला झेलण्यासाठी कमरपट्टा वापरायला बंदी आहे. आपल्याकडे नायलॉनची दोरी कमरेला गाठ मारून बांधलेली अजूनही दिसते. ती बघितली की पोटात गोळा येतो.

"मग झेलणारीच लावू, ती तरी झटका खाईल," असं पोरं म्हणतात. इथे दुसरा हिशेब करायचा. झेलणाऱ्या दोरीची लांबी २ मीटरपर्यंत. शॉक अॅब्सॉर्बर उसवून पावणेदोन मीटरपर्यंत लांबू शकतो. पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत माणूस दीड मीटर लोंबणार. खाली एक मीटर तरी मोकळी जागा हवी. बेरीज सव्वासहा मीटर. म्हणजे आधाराच्या जागेखाली दोन मजल्यांएवढी पोकळी असेल तरच ही दोरी तुम्हाला जमिनीच्या आधी थांबवेल. सोसायटीतल्या गुलमोहरावर पंधरा फुटांवर काम करणाऱ्या माणसाला ती दोरी थांबवणार कधी? आणि मध्ये कुठेतरी जाड फांदी असतेच, कंपाउंडची भिंत असते, पत्र्याची शेड असते. झाडात पडणारा माणूस मोकळ्या हवेत पडत नाही, तो फांद्यांवर आपटत येतो.

म्हणून झाडावर मुख्य मुद्दा पडूच न देण्याचा. वरच्या मजबूत बेचक्यातून आलेला चढायचा मुख्य दोर आणि जोडीला कमरेची धरणारी दोरी, दोन्ही ताणलेले. बाकी सगळी निवड याच्यावरून ठरते.

निवडताना

आधी हार्नेस बघा, कारण दोरी त्याच्याच कड्यांना लागणार. कमरेच्या दोन्ही बाजूंना, नितंबाच्या हाडाच्या जरा वर, कड्या हव्यात. ज्या हार्नेसला फक्त पाठीवर कडी आहे तो झाडावर बसून काम करायला उपयोगाचा नाही. पाठीवरून ओढ आली की माणूस पुढे झुकतो आणि करवत धरता येत नाही. मांड्यांखालून जाणारे रुंद पट्टे हवेत. दुकानात पाच मिनिटं लटकून बघा आणि दुकानदार लटकू देत नसेल तर दुसरं दुकान शोधा. मांडीत मुंग्या यायला लागल्या तर तो हार्नेस दिवसभर कोणी घालणार नाही, दुपारनंतर काढून फांदीला टांगून ठेवेल.

लेबल वाचायची सवय लावून घ्या. भारतीय मानक ब्युरोचं या सामानाचं मानक आयएस ३५२१ आहे. युरोपातून आलेल्या सामानावर ईएन आणि पुढे आकडा असतो. ईएन ३५८ म्हणजे कामाच्या जागी धरून ठेवणारा पट्टा आणि दोरी, आपल्याला हवी ती. ईएन ३५५ म्हणजे शॉक अॅब्सॉर्बर, ईएन ३६१ म्हणजे अंगभर हार्नेस, ईएन ३६२ म्हणजे कड्या आणि हूक. नुसतं 'आयएसओ कंपनी' असं छापलेलं असेल तर त्यावरून दोरीबद्दल काहीच कळत नाही. ताकद किलोन्यूटनमध्ये दिलेली असते. एक किलोन्यूटन म्हणजे अंदाजे शंभर किलोची ओढ. ज्या दोरीवर आकडा नाही, कारखान्याची तारीख नाही, ती दोरी माल बांधायला वापरा.

दोरी कशाची आहे याने फार फरक पडतो. निळी-पिवळी चकाकणारी प्लास्टिकची दोरी, जी टेम्पोवर सामान बांधायला वापरतात, ती पॉलीप्रॉपिलीनची. उन्हाने तिचे तंतू कोरडे पडून पिठासारखे झडतात आणि घासून तापली की १६५ अंशांच्या आसपास वितळते. काथ्याची दोरी ओल धरते आणि आतून कुजते, बाहेरून कळतही नाही. माणसासाठी या दोन्ही नकोत. नायलॉन ताणतो, त्यामुळे झटका थोडा सोसतो, पण भिजला की त्याची ताकद काही टक्क्यांनी उतरते. पॉलिएस्टर कमी ताणतो, भिजून फारसा बिघडत नाही, उन्हातही जास्त टिकतो. धरणाऱ्या दोरीला कमी ताणणारीच बरी, नाहीतर रेलल्यावर माणूस रबरावर बसल्यासारखा हलत राहतो. आमच्याकडे आत गाभा आणि बाहेर विणलेलं आवरण असलेल्या ११ ते १३ मिलिमीटर जाडीच्या दोऱ्या आहेत.

आत पोलादी तारेचा गाभा असलेली दोरीही मिळते. जाड खोडाभोवती फेकायला ती सोयीची, ताठ असल्यामुळे पलीकडून बरोबर फिरून येते. हातकरवत चुकून लागली तर तार वाचवते. पण चेनसॉपुढे तारेचाही भरवसा नाही, साखळी लागली तर ती कापली जाऊ शकते. 'तारेची आहे, घाबरू नको' असं कोणाला सांगू नका. आणि तारेतून वीज वाहते. विजेच्या तारांजवळ ती न्यायचीच नाही.

लांबी झाडावरून ठरते. नारळाचं खोड फूटभर जाड, त्याला वळसा घालून कमरेच्या दोन्ही कड्यांपर्यंत यायला २ मीटरची दोरी पुरते. नवी मुंबईत सिडकोच्या काळात लावलेले पर्जन्यवृक्ष आता बुंध्याशी मीटरभर जाड झाले आहेत. तिथे साडेतीन मीटर लागते. लांब दोरी आखूड करता येते, आखूड दोरीला गाठ मारून जोड देता येत नाही, कारण गाठ आली की दोरीची ताकद पुष्कळ घटते.

दोरी आखूड-लांब करायचं साधन एका हाताने, भार असतानाही, हलायला हवं. लोखंडी पकड असलेलं साधन मिळतं, किंवा बारीक दोरीची घर्षणाची गाठ वापरतात, जी सैल असताना सरकते आणि भार आला की आवळते. गाठ स्वस्त पडते आणि चांगली चालते, पण कोणत्या जाडीच्या दोरीवर कोणत्या जाडीची गाठ धरते हे जमिनीवर लटकून पक्कं करूनच वर जायचं. नवशिक्याला मी साधनच देतो.

आता दोरीच्या टोकाची उघडणारी-मिटणारी कडी, म्हणजे कॅराबिनर. सगळ्यात जास्त निष्काळजीपणा इथेच होतो. कुलूप नसलेला साधा हूक हार्नेसच्या कडीत पिळला गेला तर त्याचं तोंड कडीनेच दाबलं जाऊन उघडतं आणि तो अलगद सुटतो. म्हणून तीन हालचाली केल्याशिवाय न उघडणारी, आपोआप बंद होणारी कडी घ्या: सरकवा, फिरवा, मग दाबा. स्क्रूची कडी चालते, पण झाडावर हलता हलता फांदीला घासून स्क्रू उघडतो आणि ते बघायला माणसाला वेळ नसतो. कडीवर ताण लांबीच्या दिशेनेच यायला हवा. फांदीवर आडवी टेकली किंवा तोंड उघडं राहिलं तर बहुतेक कड्यांची ताकद तिसऱ्या हिश्श्यावर येते. त्या पाचपाखाडीच्या पोराने हूक परत पट्ट्यातच अडकवला होता, तिथे नेमका हाच दोष होता. ज्या पट्ट्यावर तशी परवानगी छापलेली नाही, त्याचा हूक त्याच पट्ट्यात उलटा अडकवायचा नाही.

वर चढल्यावर

वर जाण्याआधी खाली बघायचं. दोरी कितीही चांगली असली तरी ती झाडाला बांधलेली आहे. झाडच गेलं तर तुम्ही त्याच्याबरोबर जाणार. बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट गळ्यापर्यंत आलं आहे का, नुकताच केबलसाठी चर खणून एका बाजूची मुळं तोडली आहेत का, माती एका बाजूला उचलली आहे का, बुंध्यावर अळंबी उगवली आहे का, हे बघा. वाशी-नेरुळच्या पदपथांवर, ठाण्यात नौपाड्याच्या गल्ल्यांत अशी झाडं आम्हाला नेहमी भेटतात. लाकडी हातोड्याने खोड ठोकत एक फेरी मारा. भरीव लाकूड 'ठक' वाजतं, ढोली असेल तिथे आवाज रिकाम्या डब्यासारखा येतो. शंका आली तर चढू नका, बास्केट असलेली गाडी मागवा. त्यासाठी काम दोन दिवस पुढे गेलं तरी चालतं. मधमाश्यांचं पोळं, लाल मुंग्यांची पानांची घरटी आणि कावळ्याचं घरटं हेही खालूनच शोधायचं. पन्नास फुटांवर कावळ्यांनी टोचायला सुरुवात केली की माणूस दोरी विसरतो.

आधाराची फांदी कोणती? जिवंत, हिरवी, खोडाजवळच्या बेचक्यातली आणि मनगटाहून चांगली जाड, निदान चार इंच. झाडाची जात ओळखता यायला हवी. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, जाड दिसणारी फांदीही न कुरकुरता मोडते. शेवग्याबद्दल तर लहान पोरांनाही माहीत असतं. पर्जन्यवृक्षाच्या फांद्या आडव्या लांब पसरतात आणि जुन्या छाटणीच्या जागी आतून सडतात, म्हणून जुन्या तोडीच्या खुणेच्या पलीकडे मी दोरी लावू देत नाही. आंबा, चिंच, वड यांवर मन जरा निर्धास्त असतं. जिथे दोन फांद्या अगदी चिकटून, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या वर जातात आणि मध्ये साल दबलेली दिसते, ते बेचकं फसवं असतं.

चढताना दोरी कमरेच्या उंचीवर किंवा तिच्यावर असायला हवी. पाऊल वर टाकलं की दोरी वर सरकवायची, मग पुढचं पाऊल. ती गुडघ्यापर्यंत खाली राहिली की ढील आपोआप साठते. मध्ये फांदी आडवी आली की दोरी सोडून वरून लावावी लागते आणि नेमक्या त्या दोन-चार सेकंदांत अपघात होतात. यासाठी दुसरी दोरी जवळ ठेवायची. आधी दुसरी वर लावा, तिच्यावर भार टाकून बघा, मगच पहिली सोडा. मामा याला 'माकडाचा नेम' म्हणतात. एक हात पकडल्याशिवाय माकड दुसरा सोडत नाही.

एकदा कोलशेतला मी स्वतः सोनमोहरावर होतो. डाव्या पायाखालची फांदी मोडली, आवाज ऐकू येण्याआधी मी हातभर खाली आलो होतो. दोरी ताठ होती, एवढंच. बरगडीवर पट्ट्याचा वळ उठला, पंधरा दिवस राहिला. दोरी सैल असती तर खाली कार पार्किंगचं लोखंडी गेट होतं.

करवत हातात घेतली की नियम कडक होतात. झाडावर चेनसॉ चालवताना दोन वेगळ्या आधारांनी बांधलेलं असावं असं अमेरिकेतलं झाडकामाचं झेड १३३ हे मानक सांगतं. कारण साधं आहे, कापताना सगळ्यात आधी कापली जाण्याची शक्यता असलेली गोष्ट म्हणजे तुमचीच दोरी. मुख्य दोर एक आणि कमरेची दोरी दुसरी, दोन्ही वेगवेगळ्या जागी. कमरेची दोरी कापाच्या रेषेपासून दूर आणि कापायच्या फांदीला मुळीच नाही. ही चूक हास्यास्पद वाटेल, पण थकलेला माणूस दुपारी तीन वाजता ती करतो. कापण्याआधी दोन्ही दोऱ्या डोळ्यांनी शेवटपर्यंत बघायच्या आणि खालच्या माणसाला "बघितल्या" असं ओरडून सांगायचं. आमच्याकडे हे ओरडल्याशिवाय मशीन सुरू होत नाही.

शेंडा उतरवताना, जिथे खोड वर बारीक होत जातं आणि अडायला फांदी नसते, तिथे दोरी नुसता वळसा घालून ठेवली तर पाय सुटल्यावर ती खोडावरून सरकत खाली येते. तिथे फास बसेल असं बांधायचं, म्हणजे भार आला की ती खोडाला आवळून बसते. नारळाचं तेच. नारळाला अडवणारं काहीच नाही. पायाला दोरीचं वेटोळं घालून सरसर चढणारी माणसं बघून आपण कौतुक करतो, पण वर गेल्यावर झावळीला एक हात आणि दुसऱ्या हातात कोयता अशी त्यांची अवस्था असते. झावळी सुकलेली निघाली की संपलं. नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये केरळात 'नारळाच्या झाडाचे मित्र' हा कार्यक्रम सुरू केला आणि तरुण मुलामुलींना यंत्राने चढायला शिकवलं. दोन पायांना दोन भाग, प्रत्येकाचा तारेचा फास, एक आवळला की दुसरा वर. चेंपेरी गावच्या नावाने ते यंत्र ओळखलं जातं. तसं यंत्र वापरतानाही कमरेची वेगळी दोरी हवीच. आणि बुटांना काटे लावून चढायचं ते फक्त तोडायच्या झाडावर. जिवंत झाडाला त्याने भोकं पडतात आणि तिथून बुरशी आत जाते.

विजेच्या तारा झाडातून किंवा झाडाजवळून जात असतील तर दोरीची चर्चा तिथेच थांबवा. महावितरणला कळवून पुरवठा बंद करून घ्या, तो बंद झाल्याची खात्री करा, मगच चढा. ओली दोरी, ओली फांदी, घामाने भिजलेला हार्नेस, सगळ्यातून वीज येते. वायरला हात लागायलाच हवा असं नाही, करवतीचं पातं किंवा पडणारी फांदी लागली तरी पुरतं.

दोरी हाताळून बघायची असते

शनिवारी संध्याकाळी गोदामात आमचं एक काम ठरलेलं असतं. चटई टाकतो आणि सगळ्या दोऱ्या मांडतो. डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा. दोरी चिमटीत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सोडायची, मग चार-चार इंचांवर इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवायची. चांगली दोरी सगळीकडे सारखी गोल वाकते. जिथे ती एकदम दुमडते किंवा पोकळ लागते तिथे आतला गाभा तुटलेला. जिथे फुगीर गाठीसारखं लागतं तिथे गाभा गोळा झालेला. मागच्या महिन्यात एका दोरीवर कडीपासून दीड वीत अंतरावर बोट अडकलं. बघितलं तर दोन इंचांचा पट्टा काचेसारखा गुळगुळीत, कडक आणि काळपट. घर्षणाने तंतू वितळून एकमेकांना चिकटले होते. मामा म्हणाले, "अजून एक सीझन जाईल हो." मी तिथल्या तिथे करवतीने तिचे तीन तुकडे केले. फेकून दिलेली अख्खी दोरी कोणीतरी उचलतो आणि वापरतो, म्हणून तुकडे.

शिवणीचा दोरा वेगळ्या रंगाचा असतो तो मुद्दाम, तुटलेला टाका लगेच दिसावा म्हणून. एकही टाका गेला असेल तर दोरी बाद. शॉक अॅब्सॉर्बरचं पुडकं जरा जरी उसवलं असेल तर बाद. कोणत्याही दोरीने एकदा खरा झटका खाल्ला की ती बाद, वरून कितीही नवी दिसू दे. कड्यांचं तोंड सोडल्यावर आपोआप पूर्ण बंद व्हायला हवं, भुसा आणि चीक अडकून ते अर्ध्यावर राहतं. कोमट पाण्याने धुवा, बारीक तेल द्या, पुसून घ्या.

दोरी साध्या साबणाने, थंड पाण्यात धुवायची आणि सावलीत वाळवायची. ब्लीच नको, वॉशिंग मशीनचा गरम फेरा नको. पेट्रोलचा कॅन आणि चेनसॉच्या साखळीचं तेल ज्या पेटीत, त्या पेटीत दोरी ठेवायची नाही. टेम्पोतली जुनी बॅटरी तर शत्रूच, तिच्या आम्लाचा एक थेंब नायलॉन आतून खातो आणि डाग दिसतोच असं नाही. मार्करने नाव लिहू नका, शाईतल्या रसायनाचा भरवसा नसतो, टोकाला कापडी चिठ्ठी शिवा. तिच्यावर पहिल्या वापराची तारीख टाका. कापडी सामान किती वर्षांनी टाकायचं ते बनवणारा पुस्तिकेत लिहितो, ती पुस्तिका फेकू नका. कागदावर दहा वर्षं असली तरी आपल्या खाडीकाठच्या दमट, खारट हवेत, ऊन आणि पाऊस आलटून-पालटून खाणारी दोरी त्याच्या बरीच आधी थकते. रोज वापरात असलेल्या दोऱ्या मी तीन वर्षांनी काढून टाकतो.

सोसायटीच्या कमिटीतल्या लोकांना माझी एक विनंती आहे. कोटेशन मागताना 'सेफ्टी बेल्ट आहे ना' एवढं विचारून थांबू नका. किती माणसं वर जाणार, प्रत्येकाकडे दोन आधार आहेत का, आणि वर कोणी अडकला तर त्याला उतरवायला दुसरा चढणारा आणि सामानाचा दुसरा संच खाली तयार आहे का, हे विचारा. काही वर्षांपूर्वी एका सोसायटीने माझ्या दरातून दुसऱ्या चढणाऱ्याची मजुरी वगळायला सांगितली, "तो नुसता खाली उभाच राहतो" म्हणून. मी ते काम सोडलं. खाली उभा राहणारा तो माणूस कशासाठी असतो हे कोणाला समजावून सांगितलेलं नसतं, त्यात त्यांचा दोष नाही. म्हणून इथे सांगतो.

हार्नेसमध्ये बेशुद्ध किंवा निश्चल लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साठत जातं, हृदयाकडे परत येणं कमी होतं आणि काही मिनिटांत त्याची प्रकृती गंभीर होऊ शकते. शुद्धीवर असेल तर त्याने पाय हलवत राहावं, दोरीच्या फासात पाऊल टाकून उभं राहावं. शुद्ध नसेल तर त्याला खाली आणणं हाच उपचार, आणि खाली आल्यावर आडवं झोपवून श्वास बघायचा. १०१ वर अग्निशमन दल आणि १०८ वर रुग्णवाहिका, दोघांना लगेच फोन करायचा, पण ती येईपर्यंत वाट बघत बसायचं नाही. सकाळच्या वेळी घोडबंदर रोडवरून गाडी किती वेळात पोचेल हे ठाणेकरांना सांगायला नको.

म्हणून दर वर्षी एप्रिलमध्ये, हंगामाचं पहिलं काम घेण्याआधी, आम्ही येऊरच्या पायथ्याशी एका ओळखीच्यांच्या वाडीत आंब्यावर सराव करतो. एक जण वीस फुटांवर हात-पाय सोडून लटकतो आणि दुसऱ्याने त्याला खाली आणायचं. मी घड्याळ लावून खाली उभा असतो. पहिल्या वर्षी बावीस मिनिटं लागली, दोर गुंतला आणि दुसरी कडी शोधण्यातच निम्मा वेळ गेला. यंदा पाचपाखाडीच्या त्याच पोराने मामांना आठ मिनिटांत उतरवलं. उतरल्यावर मामांनी हार्नेस न काढताच त्याची कमरेची दोरी बोटाने ताणून बघितली आणि म्हणाले, "आता धरतेय." पुढच्या एप्रिलपर्यंत आठाची पाच करायची आहेत.